डब्यातला झेंडू

नवऱ्याचं नाव घेऊ नये असं माझ्या सासूबाईंचं मत आहे. लिहू नये असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, म्हणून लिहिते. जयवंत. जयवंत परब, राहणार बोरीवली पूर्व, चौथा मजला, म्हणजे गच्चीच्या बरोबर खाली. हा मजला उन्हाळ्यात तापतो म्हणून लोक घेत नाहीत. जयवंतने घेतला तो एरियलला वायर कमी लागेल म्हणून. हे कारण मला सामान लावून झाल्यावर कळलं.

जयवंत अंधेरीला पंख्यांच्या कारखान्यात मोटारी गुंडाळतो. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि घरी येऊन रेडिओसाठी पुन्हा तांब्याची तार गुंडाळायची, असा त्याचा विसावा. हौशी वायरलेसवाल्यांचं एक मंडळ आहे, त्यांची बैठक महिन्यातून एकदा घाटकोपरला भरते. तिथे प्रत्येकाला सरकारने दिलेलं एक चिन्ह असतं, दोन-तीन अक्षरं आणि एक आकडा. ते लोक एकमेकांना त्या चिन्हानेच हाक मारतात. जयवंतला मात्र ते 'परब' म्हणतात, कारण त्याच्याकडे चिन्ह नाही. त्याच्याकडे परवाना नाही. त्यांच्यापैकी निम्म्यांचे सेट त्याने दुरुस्त केलेत, पण बोलायची परवानगी त्याला नाही. फक्त ऐकायची.

परवान्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात मोर्स असतो. डिट म्हणजे टिंब, डा म्हणजे रेघ, त्यातून इंग्रजी अक्षरं ओळखायची आणि ऐकता ऐकता कागदावर उतरवायची. जयवंत तीनदा बसला आणि तीनदा नापास झाला. वायरिंग, गणित, नियम, सगळ्यात पहिला. मोर्सला बसला की घाम. त्याची अडचण मला नेमकी ठाऊक आहे. एखादं अक्षर सुटलं की तो त्या अक्षरापाशीच थांबतो. काय होतं ते, काय होतं ते, असं करत बसतो, आणि तोवर बाकीचं वाक्य पुढे निघून जातं. भाजी आणायला गेला आणि एखादी जुडी मिळाली नाही, तर तो असाच रिकामी पिशवी घेऊन परत येतो.

आता माझी गोष्ट. अठ्ठ्याहत्तर साली जयवंतने मोर्सच्या सरावाची कॅसेट आणली. रोज संध्याकाळी सहा ते सात ती वाजायची. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, मधे दार नाही, पडदा आहे. तो अलीकडे वही घेऊन बसायचा, मी पलीकडे पोळ्या लाटायची. पडद्याने मोर्स अडत नाही. सहा महिन्यांत मला ए ते झेड येऊ लागलं. वर्षभरात तो रेडिओवर जहाजांचे संदेश लावायचा तेही कळू लागले. एका बोटीवरचा वायरलेसवाला दर मंगळवारी किनाऱ्याला विचारायचा की घरून पत्र आलंय का. तीन मंगळवार नव्हतं आलं. चौथ्या मंगळवारी आलं तेव्हा मी एकटीच हसले, आणि जयवंतने पडद्याआडून विचारलं, काय झालं गं. म्हटलं, पोळी फुगली.

मी त्याला सांगितलं नाही. नवरा ज्या विषयात नापास होतो त्या विषयात बायको पास आहे, हे कळून कोणत्या घराचं भलं झालंय. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. आणि खरं सांगायचं तर माझी म्हणून एक गोष्ट होती ती. ह्या घरात मीठ-मोहरीच्या डब्यांपलीकडे माझं एकटीचं असं दुसरं काही नव्हतं.

एकोणनव्वद सालच्या सप्टेंबरात घाटकोपरहून चंद्रप्रकाश आला. चंद्रप्रकाश हा मंडळाचा चिटणीस. उंच, बारीक, सगळ्या गोष्टी नियमाने करणारा माणूस. पाणी प्यायला तरी आधी घड्याळ बघतो. त्याने शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली साबणाच्या वडीएवढी पत्र्याची डबी काढली आणि आमच्या टेबलावर ठेवली. जयवंतने आधी हात धुतले आणि मग तिला हात लावला.

जगभरच्या हौशी लोकांनी वर्गणी काढून आदल्या वर्षी एक उपग्रह सोडला होता. तो रोज थोडा वेळ इतक्या वरच्या पट्टीत बोलतो की साध्या रेडिओला ते कळतच नाही. ही डबी, म्हणजे डाउनकन्व्हर्टर, ते बोलणं खालच्या पट्टीत उतरवून देते. उंच फळीवरचा डबा काढून हातात देणाऱ्या शेजाऱ्याचं जे काम, तेच हिचं. जर्मनीतल्या कोणा भल्या माणसाने ती भारतात पाठवली होती, एकेका शहराने तीन आठवडे वापरायची आणि पुढे द्यायची. मुंबईत ती कोणाला द्यायची यावर मंडळात बरीच चर्चा झाली म्हणे. शेवटी कळलं की त्यासाठी लागणारी मोठी डिश-एरियल करायला कोणाकडेच वेळ नाही.

"दसऱ्याला संध्याकाळी मी परत न्यायला येईन," चंद्रप्रकाश म्हणाला. "रात्री दादरहून एक जण हैदराबादला चाललाय, त्याच्या हाती द्यायची. तोपर्यंत ऐकलंस तर मुंबईत ह्या पट्टीवर ऐकणारा तू पहिला. पण एक लक्षात ठेव परब. नुसतं ऐकलं म्हणून चालणार नाही. उपग्रह अर्ध्या-अर्ध्या तासाने मोर्समध्ये बातमी देतो. ती उतरवलेली पाहिजे, वेळ टाकून. ऐकलं म्हणणारे पुष्कळ असतात."

"टेप केलं तर?"

"टेप चालेल. टेपवरून उतरव दहा वेळा ऐकून."

जयवंतचा चेहरा सैल झाला. दहा वेळा ऐकून त्याला कुराणही उतरवता आलं असतं. चंद्रप्रकाश गेल्यावर तो मला म्हणाला, "विमल, एकदा हे झालं ना, की मग मला परब म्हटलं तरी चालेल." एवढंच म्हणाला आणि डबीकडे बघत बसला. बारा वर्षांच्या संसारात त्याने माझ्याकडे साडी, सण, बढती कशाबद्दलही इतक्या आशेने काही बोलून दाखवलं नव्हतं. मलाही वाटलं, व्हावं बाई ह्याचं. मनापासून वाटलं.

गच्चीसाठी सोसायटीची परवानगी हवी होती. सेक्रेटरी शरच्चंद्र वैद्य, तळमजला. त्यांनी विचारलं, "ह्याच्यावर रशियाचा टीव्ही दिसेल का?"

"नाही."

"पाकिस्तानचा?"

"काहीच दिसणार नाही. नुसतं ऐकू येईल."

"काय?"

"टूं टूं."

वैद्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग हरकत नाही. दुसरा कोणी मागणार नाही."

डिश चार फुटांची. जयवंतने गच्चीच्या सिमेंटवर खडूने तिची गोलाई काढली, खिडक्यावाल्याकडून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या, त्या खडूच्या रेघेवर ठेवून वाकवल्या. जाळी बारीक भोकांची लागते. बाजारात दोन दिवस हिंडला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातल्या दुधाच्या जाळीच्या कपाटासमोर येऊन उभा राहिला. मी काही बोलायच्या आत दोन्ही दारं गेली होती. पुढचे तीन आठवडे ह्या सगळ्या विज्ञानाचा सर्वात जास्त फायदा दुसऱ्या मजल्यावरच्या मांजराला झाला.

डिशच्या पुढे तीन काड्यांवर एक वनस्पती तुपाचा रिकामा डबा बसवला, तोंड डिशकडे करून. जाळीवर आदळून आलेलं सगळं बोलणं त्या डब्यात गोळा होतं. डब्याच्या आत पितळेची एक काडी, बोटाच्या पेराएवढी. जयवंत म्हणायचा, खरं काम ती काडी करते, बाकी सगळा पसारा तिच्यासाठी. पाऊस आत जाऊ नये म्हणून डब्याला त्याचंच प्लास्टिकचं झाकण. झाकणातून लाटा आरपार जातात, पाणी जात नाही, असं त्याने मला समजावलं. मी म्हटलं, बरं.

उपग्रह कधी कुठे असेल त्याचं कोष्टक चंद्रप्रकाशने आपल्या कॉम्प्युटरवर काढून दिलं होतं. माझं काम ते वाचायचं. मी म्हणायची, "दिशा दोनशे पन्नास, उंची चाळीस." तो केरसुणीच्या दांड्याला बांधलेला कोनमापक बघत डिश फिरवायचा. दोनशे पन्नास म्हणजे साधारण गोराईच्या खाडीवर. पहिला आठवडा खसखस भाजल्यासारखा आवाज, त्यापलीकडे काही नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या आवाजामागे एक बारीक शिट्टी आली आणि गेली. जयवंतने जाळीच्या सुरकुत्या लाटण्याने सपाट केल्या. माझ्याच लाटण्याने. आणि आठ ऑक्टोबरच्या रविवारी, डिश वळवता वळवता, ती शिट्टी स्वच्छ आली. त्या वेळी मोर्सची वेळ नव्हती, नुसता यंत्रांचा गुरगुराट होता, पण उपग्रह होता. तो आकाशात होता आणि आमच्या गच्चीवर ऐकू येत होता. जयवंत पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसला. सोमवारी कामावर जायचं होतं. मंगळवारी दसरा, सुट्टी, संध्याकाळी पाच दहा ते पाच पन्नास उपग्रहाची वेळ, साडेपाचला मोर्स. सगळं जुळत होतं.

सोमवारी खंडेनवमी होती.

आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, सुरी, जयवंतची पकड आणि पाने, शिवणयंत्र. सकाळी जयवंत कामावर गेला. सासूबाईंनी पाटावर मांडलेली हत्यारं मोजली आणि म्हणाल्या, "गो विमला, वयल्या टोपल्याची पूजा कोण करतलो?"

वयलं टोपलं म्हणजे वरची डिश. सासूबाईंचं नाव रुक्मिणी. आमचे सासरे परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. सासूबाईंनी बोट उचललं. "माझ्या घोवान चाळीस वर्सां साच्याक हार घातल्यान. एक दिवस पट्टो तुटूक नाय."

शेवटी संपात अख्खी गिरणीच बंद पडली, तो भाग वेगळा. पण मलाही वाटत होतंच. उद्या एवढं मोठं काम, आणि त्या बिचाऱ्या डिशला कोणी हळदीचं बोट लावलं नव्हतं. मी ताट घेऊन वर गेले. डिशच्या कडेला झेंडूचा मोठा हार बांधला. मग डब्याकडे बघितलं. देवळात गेलो तर आपण चौकटीला हळद लावून परत येत नाही, आत गाभाऱ्यात जातो. जयवंतनेच सांगितलं होतं की खरं काम ती काडी करते. मी झाकण उघडलं. पितळी काडीला पाण्यात कालवलेली हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, एक टपोरा झेंडू दोऱ्याने तिच्याभोवती नीट बांधला, फुलपात्रातलं पाणी चार थेंब शिंपडलं. हात जोडले आणि म्हटलं, ह्याचं एवढं एक होऊ दे, मी दुसरं काही मागत नाही. मग पाऊस आत जाऊ नये म्हणून झाकण घट्ट लावून टाकलं.

दसऱ्याला दुपारी जयवंतने कडेचा हार बघितला. अलगद सोडवून टाकीच्या नळाला अडकवला. त्याला वाटलं, पूजा एवढीच.

टेपरेकॉर्डर नऊ रात्री खाली गरब्याला दिला होता. आमच्या सोसायटीत निम्मी घरं गुजराती, आणि त्यांच्या टेपचा आवाज आमच्या टेपएवढा नाही. तो तीन वाजता परत आला. जयवंतने कॅसेट लावून बघितली. बाई गात होती, पण पुरुषाच्या आवाजात, आणि मधेच झोप आल्यासारखी. आतला पट्टा नऊ रात्रींत सैल झाला होता. दुकानं दसऱ्याला बंद. जयवंतने टेप बाजूला ठेवला आणि पेन्सिलीला टोक काढायला बसला. तीन पेन्सिलींना काढलं. आता ते हातानेच, एकदाच ऐकून उतरवायचं होतं.

साडेचारला चंद्रप्रकाश आला. आपट्याचं पान दिलं, घड्याळ बघितलं, पाणी प्यायला. आम्ही तिघं वर गेलो. सासूबाईही निघाल्या, एकेक पायरी धरत, कारण पूजा त्यांनी सांगितली होती आणि फळ बघायचा त्यांना हक्क होता. त्यांना टाकीच्या सावलीत स्टुलावर बसवलं.

पाच दहा झाले. मी कोष्टक वाचलं, जयवंतने डिश लावली, रेडिओचा आवाज वाढवला. खसखस. पाच वाजून चौदा मिनिटं, खसखस. त्याने डिश एक बोट इकडे, एक बोट तिकडे केली. वायरचं प्रत्येक टोक काढून पुसून लावलं. बॅटरी बघितली. डबी उघडून नाकाजवळ नेली, जळल्याचा वास येतोय का ते बघायला. काही नाही. परवा इथेच, ह्याच वायरीने, ह्याच डिशने ऐकलं होतं. पाच वीसला त्याच्या कपाळावरून घाम खाली यायला लागला, परीक्षेला येतो तसा.

"परवा नक्की हाच होता?" चंद्रप्रकाशने विचारलं. त्याचा विचारण्याचा सूर वाईट नव्हता, पण प्रश्न वाईट होता.

"हाच होता," जयवंत म्हणाला. "कुठेतरी ओल शिरलीय. ओल असली की ह्या पट्टीत सगळं संपतं. पण कुठून शिरणार? पाऊस तर नाही."

मी डब्याकडे बघितलं. मला कळलं. शब्द गोळा करत होते, तेवढ्यात स्टुलावरून सासूबाई म्हणाल्या, "भायलो हार काढलंस तो काढलंस. आतलो रवलो मा?"

"आतला कुठला?"

"मी काल डब्यात पूजा केली," मी म्हटलं. "काडीची. झाकण उघडून."

जयवंतने झाकण काढलं. आतून वाफ आली म्हटलं तरी चालेल, दिवसभराच्या उन्हात सगळं शिजलं होतं. झेंडू काळा पडून काडीला चिकटला होता. हळदीचा ओला लगदा झाला होता. चंद्रप्रकाशने वाकून आत बघितलं आणि म्हणाला, "अक्षतासुद्धा."

जयवंत मला काहीही बोलू शकला असता. त्या वेळी मी ऐकून घेतलं असतं, माझी शपथ. तो म्हणाला, "पदर सुती आहे का?" मी पदर पुढे केला. त्याने दोरा तोडला, झेंडू काढला, माझ्या पदराने काडी पुसली, डबा पुसला, कोपऱ्यातल्या अक्षता पिन घेऊन एकेक काढल्या, फुंकर मारली, पुन्हा पुसला. नवी नऊवारी असती तरी मी दिली असती. झाकण लावलं नाही. पाच एकतीस झाले होते.

तो डिशकडे वळला आणि मागे रेडिओतून शिट्टी आली.

रविवारपेक्षा मोठी. आणि गुरगुराट नव्हे, मोर्स. डा डिट डा डिट, सुटा, संथ, माझ्या कॅसेटपेक्षाही संथ. सासूबाईंनी हात जोडले. जयवंत वही मांडीवर घेऊन खाली बसला आणि लिहायला लागला. ए. एल. एल. मग काहीतरी सुटलं. पेन्सिल थांबली.

मी चंद्रप्रकाशकडे बघितलं. त्याच्या हातात स्वतःची डायरी होती आणि तो भराभरा लिहीत होता, आमच्याकडे पाठ करून. "मी सांगितलं तर रिपोर्ट माझा होईल," तो पाठमोराच म्हणाला. "मी फक्त ताडून बघायला लिहितोय." नियमाने अगदी बरोबर होतं ते.

जयवंतचे ओठ हलत होते. काय होतं ते, काय होतं ते. मला त्याचा तो चेहरा पाठ आहे, तिन्ही परीक्षांहून तो असाच घरी आला होता. वरून अक्षरं येत होती आणि गोराईच्या दिशेने निघून जात होती. एस. टी. ए. टी. मला सगळी कळत होती. अकरा वर्षं मी जे पडद्याआड झाकून ठेवलं होतं ते तोंडात येऊन थांबलं होतं. बोलले तर ह्या माणसाला आईसमोर, चिटणीसासमोर कळणार की त्याच्या बायकोला ते येतं. नाही बोलले तर रात्री डबी हैदराबादला जाणार आणि तो जन्मभर म्हणत राहणार, ऐकलं होतं हो. आणि ती ओल मी केली होती. वेळ मी घालवला होता.

"आय," मी म्हटलं. "ओ. एन. एस."

जयवंतने मान वर केली.

"लिहा," मी म्हटलं. "आधीचं सोडा. एच. ई. ए. आर. लिहा अहो. आय. एन. जी."

त्याने लिहिलं. मी कोष्टकाचा कागद खाली ठेवला, डोळे मिटले, आणि सांगत गेले, पोळ्या लाटायच्या वेगाने. मधे एकदा सासूबाई म्हणाल्या, "हिच्या अंगात इला काय रे?" मजकूर फार मोठा नव्हता. ह्या पट्टीवर ऐकणाऱ्या सर्व केंद्रांनी कळवावं, बॅटरी ठीक आहे, तापमान ठीक आहे, ऐकल्याबद्दल आभार. मग तोच मजकूर पुन्हा सुरू झाला आणि सुरुवातीला सुटलेली अक्षरंही आपसूक हाती आली. पाच पन्नासला शिट्टी बंद झाली. खसखस उरली.

चंद्रप्रकाशने डायरी वहीशेजारी धरली आणि अक्षरावर बोट ठेवत ताडून बघितली. दोनदा बघितली. मग म्हणाला, "माझं एक चुकलंय." खिशातून पेन काढून स्वतःची दुरुस्ती केली, खाली सही केली, वेळ टाकली. मग त्याची अडचण झाली.

"रिपोर्टवर नाव कोणाचं? डिश एकाची, लिहिलं एकाने, ऐकलं..." त्याने नियम आठवून बघितले. असा नियम नव्हता.

"हिचं घाल," जयवंत म्हणाला. "ऐकलं हिने."

"मला नको," मी म्हटलं. "सगळं ह्यांनी केलंय. मी झेंडू घातला फक्त."

"विमला जयवंत परब," जयवंतने सांगितलं. "शेवटी 'ल'ला काना. लिही." चंद्रप्रकाशने लिहिलं. मग डबी सोडवली, रुमालात गुंडाळली, सासूबाईंना नमस्कार केला, घड्याळ बघितलं आणि स्टेशनकडे गेला. सासूबाई सोनं वाटायला खाली गेल्या. गच्चीवर आम्ही दोघं आणि डिश.

जयवंत वायर गुंडाळत होता. कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा. गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "कधीपासून येतं तुला?"

"एकोणऐंशीच्या सुरुवातीपासून."

"मी एकोणऐंशीच्या मेमध्ये बसलो. मग त्र्याऐंशीला. मग सत्त्याऐंशीला."

"हो."

"तिन्ही वेळा तुला येत होतं."

"हो."

वायर संपली. त्याने टोक आत खोचलं. "मग मला शिकवलं का नाहीस?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं, अकरा वर्षं तयार होतं. "तुम्हाला वाईट वाटलं असतं," मी म्हटलं.

"नापास होताना बरं वाटत होतं?" जयवंतने विचारलं. रागाने नाही. खरंच विचारत होता.

मला रडू आलं. मला सहसा येत नाही, पण आलं, हळदीने माखलेल्या पदरात तोंड घालून मी रडले. ह्या माणसाला मी जपते आहे असं मला वाटत होतं. मी त्याला पडद्यापलीकडे एकटा बसवून ठेवला होता, आणि इकडे बसून ऐकलं होतं, तो चुकतो कुठे ते. ते मला नेमकं माहीत होतं. हे मी पहिल्याच पानावर मोठ्या दिमाखाने लिहिलंय. तो थांबतो, हे मला माहीत होतं, आणि थांबू नका एवढं मी त्याला एकदाही म्हटलं नव्हतं.

तो माझ्या गप्प होण्याची वाट बघत राहिला. मग वहीचं पान उलटलं, तिसरी पेन्सिल घेतली, तिचं टोक अजून तसंच होतं, आणि टाकीला टेकून बसला.

"सांग," तो म्हणाला. "जसं वरून येत होतं तसं."

मी तोंडानेच सुरू केलं. डा डिट डा डिट. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं, सुचेल ते सांगत गेले, त्याच संथ वेगाने. तीन अक्षरं त्याने बरोबर लिहिली. चौथ्याला अडला. पेन्सिल कागदावर टेकवून माझ्याकडे बघायला लागला, काय होतं ते.

मी थांबले नाही.